संस्थेच्या धोरणातली भाषा : ‘सहानुभूतीपूर्वक विचार’ की हक्क?

शेवंती

नमस्कार. आमच्या शिक्षणसंस्थेच्या दोन माध्यमिक शाळा, एक कनिष्ठ महाविद्यालय आणि मुलींचे एक वसतिगृह आहे. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी मिळून आम्ही शंभराहून अधिक आहोत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत दिव्यांग व्यक्तींसाठीच्या आयुक्तांकडे नोंदवायची असते. ते काम आमच्याकडे इतकी वर्षे राहून गेले होते. यंदा व्यवस्थापन मंडळाने त्यासाठी तिघांची समिती नेमली आणि मराठी मसुदा लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मी कार्यालयात अधीक्षक आहे. वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला कॅलिपर आहे, त्यामुळे हा विषय मला केवळ कागदावरचा वाटत नाही.

आमच्या जुन्या सेवानियमांत एकच वाक्य होते : ‘अपंग, व्याधिग्रस्त व दुर्बल कर्मचाऱ्यांच्या अडचणींचा संस्था सहानुभूतीपूर्वक विचार करील.’ समितीतील एका सदस्यांनी संगणकावर सगळीकडे ‘अपंग’ काढून ‘दिव्यांग’ घातले आणि भाषेचे काम संपले असे सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. परंतु वाक्य पुन्हा वाचले तेव्हा माझ्या लक्षात आले की नाव बदलले असले तरी त्या वाक्यातील माझी जागा बदललेली नाही. मी अजूनही अडचण घेऊन दाराशी उभी आहे आणि संस्था विचार करणार आहे.

हे मी अनुभवावरून लिहिते. पूर्वी मी दुसऱ्या एका संस्थेत लिपिक होते. तिथे दुसऱ्या मजल्यावरचे टेबल तळमजल्यावर मिळावे म्हणून अर्ज केला, तेव्हा त्यावर शेरा आला : ‘सहानुभूतीपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून, चालू वर्षापुरते मान्य.’ दर जूनमध्ये तोच अर्ज पुन्हा करावा लागे आणि त्याला वैद्यकीय प्रमाणपत्राची नवी प्रत जोडावी लागे, जणू पोलिओ उन्हाळ्याच्या सुट्टीत बरा होऊन जाणार होता. चौथ्या वर्षी वरिष्ठ बदलले. नव्या वरिष्ठांनी ‘विशेष बाब’ वाढवली नाही आणि ते वर्षभर मी रोज दोन मजले चढले. माझ्याशी कोणी वाईट बोलले नाही, कोणी हसले नाही. त्या शेऱ्यातील भाषा कोणालाही बांधून घेत नव्हती, एवढेच घडले होते.

माझे तीन प्रश्न आहेत. धोरणात कोणते नाम वापरावे? वसतिगृहाच्या संरक्षण धोरणात इंग्रजी मसुद्यातील ‘व्हल्नरेबल’ या शब्दासाठी मराठीत काय लिहावे? आणि ‘सहानुभूतीपूर्वक विचार’ काढला, तर त्या जागी कोणते क्रियापद ठेवावे? ज्यांनी असे धोरण लिहिले आहे, किंवा ज्यांच्यावर ते लागू झाले आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

पाणंद

शेवंतीताई, आपला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण आधी शब्दांची वाटचाल सांगतो, कारण समितीत हा प्रश्न निघणारच.

१९९५ च्या केंद्रीय कायद्याचा उल्लेख मराठीत ‘अपंग व्यक्ती कायदा’ असा होत असे आणि त्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये संमत झाला आणि भारताने तो २००७ मध्ये स्वीकारला. त्या करारानुसार नवा कायदा करणे आवश्यक झाले, तो २०१६ मध्ये आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रकारांची संख्या २१ झाली. ‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात सुचवला, पुढे केंद्रीय विभागाच्या हिंदी नावात तो आला आणि महाराष्ट्र शासनाच्या पत्रव्यवहारातही रुळला. २०२२ च्या डिसेंबरात राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला. म्हणजे कायद्याचा, विभागाचा किंवा आयुक्तालयाचा उल्लेख करताना तुम्हाला हा शब्द टाळता येणार नाही आणि टाळूही नये.

मात्र या कायद्यातील खरा बदल नावात नाही, व्याख्येत आहे. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांशी संबंधित क्षती आणि समोर येणारे अडथळे यांच्या एकत्रित परिणामामुळे ज्या व्यक्तीला समाजात इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, ती व्यक्ती कायद्याला अभिप्रेत आहे. अडथळा हा शब्द त्या व्याख्येच्या पोटात आहे. तुमच्या जुन्या वाक्यात ‘कर्मचाऱ्यांच्या अडचणी’ असे आहे, म्हणजे अडचण कर्मचाऱ्याच्या मालकीची ठरते. कायद्यानुसार पाहिले तर तुमचे टेबल दुसऱ्या मजल्यावर असणे आणि इमारतीला लिफ्ट नसणे, ही अडचण इमारतीची आहे.

श्रुतलेख

मी जन्मापासून अंध आहे आणि बँकेत काम करतो. पहिल्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे : मला अंध म्हणावे. ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले की माझ्याकडे विशेष प्रज्ञा असावी अशी अपेक्षा सुरू होते, आणि ‘दिव्यांग’ या शब्दातील दिव्य अंग मला अजून सापडलेले नाही. मी सामान्य बुद्धीचा, कर्जाच्या फायली वेळेत तपासणारा माणूस आहे आणि तेवढ्यावर मला बढती मिळावी अशी माझी इच्छा आहे. हा शब्द आला तेव्हा देशभरातल्या अनेक संघटनांनी याच कारणाने हरकत घेतली होती. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीनेही भारताबद्दलच्या निरीक्षणांत तो वादग्रस्त असल्याची नोंद केली. तरीही माझ्या ओळखीतल्या अनेकांना तो आवडतो, विशेषतः ज्यांना गावात आयुष्यभर ‘आंधळ्या’ किंवा ‘लंगड्या’ अशी हाक ऐकावी लागली त्यांना. त्यांच्याकडून तो शब्द काढून घेण्याचा अधिकार मला नाही.

मराठीत एक गोष्ट मात्र सहज करता येते. आपल्याकडे विशेषणाचेच नाम होते : अंधांसाठी, अपंगांना, मतिमंदांची शाळा. धोरण लिहिताना विशेषणानंतर ‘व्यक्ती’, ‘कर्मचारी’, ‘विद्यार्थिनी’ हे शब्द जागेवर ठेवले की माणूस वाक्यातून गळत नाही. ‘अंध कर्मचारी’, ‘अल्पदृष्टी असलेली विद्यार्थिनी’. अल्पदृष्टी असलेल्यांना अंध म्हणू नये, कारण त्यांच्या गरजा निराळ्या असतात. त्यांना मोठा टंक आणि चांगला उजेड लागतो, मला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणक प्रणाली, लागतो.

आणखी एक विनंती, जी तुमच्या प्रश्नांत नाही. आमच्या बँकेचे समान संधी धोरण संकेतस्थळावर आले तेव्हा ते सही-शिक्क्यासह स्कॅन केलेले चित्र होते. माझ्या हक्कांचा तो कागद माझा स्क्रीन रीडर वाचू शकत नव्हता. सहकाऱ्याने मला तो वाचून दाखवला. अनेक संस्थांमध्ये अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टंकलेखन होते. तो मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण यंत्राला निरर्थक अक्षरांची रास वाटतो. तुमचा मसुदा युनिकोडमध्ये असू द्या आणि सहीची प्रत वेगळी ठेवून मजकुराची प्रतही द्या. आदराच्या भाषेत मी हेसुद्धा मोजतो.

उंबरठा

माझी मुलगी कर्णबधिर आहे, आता अकरावीत आहे. शाळेच्या दाखल्यावर तिच्या नावापुढे ‘मूकबधिर’ असा शेरा होता. ती मुकी नाही. तिला आवाज आहे, ती काही शब्द बोलते आणि खुणांच्या भाषेत तर घरात सर्वांत जास्त तीच बोलते. तो शेरा बदलून घेण्यासाठी आम्ही आठ महिने खेटे घातले. तिथल्या कारकुनांचे म्हणणे एवढेच होते की नमुन्यात तोच शब्द छापलेला आहे.

म्हणून माझी सूचना धोरणापेक्षा नमुन्यांबद्दल आहे. प्रवेशअर्ज, रजेचा अर्ज, सेवापुस्तकातील रकाना, सूचनाफलक, हे सगळे एकदा तपासा. धोरण वर्षातून एकदा वाचले जाते, नमुना रोज भरला जातो. ‘व्यंग असल्यास लिहावे’ असा रकाना अजून कितीतरी अर्जांवर आहे. त्याऐवजी ‘आपल्याला कोणत्या सोयीची आवश्यकता आहे?’ असे विचारले तर उत्तरही उपयोगाचे मिळते. तिच्या आताच्या महाविद्यालयात हाच प्रश्न होता. आम्ही ‘दुभाषी, आणि शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये’ असे लिहिले, आणि दुसरी गोष्ट तर बिनखर्चाची होती.

मुरूम

मी थोडे वेगळे मत मांडतो, राग मानू नये. लंगडा गेला अपंग आला, अपंग गेला विकलांग आला, विकलांग गेला दिव्यांग आला. प्रत्येक नवा शब्द काही वर्षांत जुन्याइतकाच मळतो, कारण मळ समाजाच्या मनात असतो. मी एका तालुक्याच्या गावात राहतो. आमच्या पंचायत समितीच्या फाटकावर ‘दिव्यांग’ शब्दाची सुबक पाटी आहे आणि आत जायला पाच पायऱ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतील किती जणांना धोरणाची भाषा वाचण्याइतके शिक्षण मिळाले? समितीने शब्दांवर चार बैठका खर्च करण्यापेक्षा त्या वेळात उताराचा मार्ग बांधून घ्यावा.

शेवंती

मुरूमदादा, राग मुळीच नाही. पायऱ्या चढणारी मीच आहे, म्हणून उतार आधी हवा हे मला मान्य आहे. पण माझ्या अर्जाची गोष्ट पुन्हा पाहा. त्या संस्थेत तळमजल्यावर जागा होती, टेबल होते, पैशाचा प्रश्नच नव्हता. अडले ते ‘विशेष बाब’ या दोन शब्दांवर. धोरणात ‘उपलब्ध करून देईल’ असे लिहिलेले असते तर नव्या वरिष्ठांना नकार देण्यासाठी कारण लिहून द्यावे लागले असते. उतार बांधायचा की नाही हेसुद्धा शेवटी कोणत्या तरी कागदावरील क्रियापदच ठरवते. तुमच्या पंचायत समितीत पाटी लागली आणि पायऱ्या राहिल्या, याचे कारण नाम बदलले आणि क्रियापद तसेच ठेवले, असे मला वाटते.

पाणंद

ताईंशी सहमत. कायद्यातील ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ या संज्ञेला मराठी परिपत्रकांत ‘वाजवी सोयीसुविधा’ किंवा ‘वाजवी समायोजन’ म्हणतात. संस्थेवर प्रमाणाबाहेर किंवा अवाजवी भार न पडता करता येतील असे आवश्यक ते बदल, असा तिचा आशय आहे. अशी सोय नाकारणे हा भेदभाव आहे, असे कायद्याच्या व्याख्येतच नमूद आहे. तेव्हा ‘सहानुभूती’ला तिथे जागा उरत नाही. संस्था नकार देऊ शकते, पण भार अवाजवी कसा ते तिने दाखवायचे असते.

शब्द मळतात हे खरे आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याकडे दुर्लक्ष केलेले नाही. ८ जुलै २०२४ रोजी एका चित्रपटासंबंधीच्या प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांच्या खंडपीठाने दिव्यांग व्यक्तींच्या चित्रणाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. हिणवणारे शब्द टाळावेत, आणि ‘पीडित’, ‘बळी’ अशा अर्थाचे, सारा भार व्यक्तीच्या शरीरावर टाकून समाजाने उभे केलेले अडथळे झाकणारे शब्दही टाळावेत, असे त्यात सांगितले आहे. ते प्रकरण दृश्य माध्यमांचे होते, तरी ‘व्याधिग्रस्त’ या तुमच्या सेवानियमांतील शब्दाला मी हीच कसोटी लावीन. मराठीत ‘ग्रस्त’ हा प्रत्यय आपण फार सहज जोडतो : अपंगत्वग्रस्त, पोलिओग्रस्त, कुष्ठग्रस्त. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, गिळलेला. कायद्याने ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ असा निराळा प्रकार मानला आहे, कारण आजार बरा झाल्यावरही लोक त्या माणसाला आजाराच्याच नावाने ओळखत राहतात. २०१९ पर्यंत आपल्या काही व्यक्तिगत कायद्यांमध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. त्या वर्षी संसदेने ते वगळले.

निवांत

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते. सेवानियमांतील आणखी एका वाक्याकडे लक्ष वेधते. ‘मानसिक संतुलन बिघडल्यास सेवा समाप्त करण्यात येईल’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या संस्थांच्या पुस्तिकांत शब्दशः वाचले आहे. संतुलन बिघडले हे कोण ठरवणार, हे एकाही पुस्तिकेत नव्हते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ मध्ये म्हटले आहे की मानसिक आजार असल्याचे निदान झाले एवढ्यावरून ती व्यक्ती विकल मनाची आहे असे मानता येणार नाही, सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केले असेल तरच. त्यामुळे नैराश्यावर औषधे घेणाऱ्या शिक्षिकेला तुमचा हा नियम दाखवून घाबरवता येऊ नये.

‘मनोरुग्ण’ हा शब्दही धोरणात नको. रुग्ण हा दवाखान्यात असतो, कामावर ती व्यक्ती कर्मचारी असते. ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ किंवा ‘मनोसामाजिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ असे लिहावे. आणि ‘मतिमंद’ कुठे राहिला असेल तर ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ असा बदल करावा. २०१६ च्या कायद्याने हा बदल केला, पण १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावात जुनी इंग्रजी संज्ञा राहिली. अधिकृत नाव उद्धृत करताना ते तसेच लिहावे लागेल, स्वतःच्या वाक्यात मात्र ती संज्ञा वापरू नये.

वळचण

वसतिगृहाच्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. मी दहा वर्षे वसतिगृह अधीक्षिका होते.

‘व्हल्नरेबल’साठी आमच्याकडे आधी ‘दुर्बल मुली’ असे लिहिले होते. पालकसभेत एका आईने उभे राहून विचारले, ‘माझी पोरगी रोज चार किलोमीटर चालत शाळेत येत होती, ती दुर्बल कशी?’ मला उत्तर देता आले नाही. मग ‘असुरक्षित’ झाले, पण वसतिगृहाच्याच कागदावर ‘असुरक्षित मुली’ वाचून पालक आणखी धास्तावले. ‘वंचित’ हा शब्द आर्थिक-सामाजिक अर्थाने रूढ आहे, तो इथे बसत नाही.

शेवटी मला जाणवले की हा गुण मुलीचा नव्हे, प्रसंगाचा आहे. धडधाकट मुलगीसुद्धा रात्री तापाने फणफणली असताना, घरचे दूर असताना आणि खोलीची किल्ली दुसऱ्याकडे असताना धोक्याच्या जागी असते. चाकाच्या खुर्चीवरची मुलगी उतार असलेल्या, उजेड असलेल्या इमारतीत तशी नसते. २०१६ च्या कायद्याच्या कलम ८ मध्येही ‘जोखमीची परिस्थिती’ असाच विचार आहे, तिथे जोखीम परिस्थितीला जोडली आहे. आम्ही मग ‘जोखमीच्या परिस्थितीत असलेली विद्यार्थिनी’ असे लिहिले आणि खाली त्या परिस्थिती एकेक करून मांडल्या : आंघोळीला किंवा कपडे बदलायला दुसऱ्याची मदत लागणे, तक्रार बोलून सांगता न येणे, पैसे किंवा औषधे दुसऱ्याच्या ताब्यात असणे. शब्द लांबला, पण कामाला लागला. मदतनीस बाईंची नेमणूक मुलीला विचारून होऊ लागली, आणि तक्रारपेटीसोबत चित्रांचा तक्ता आला, कारण यादीत ‘बोलून सांगता न येणे’ लिहिलेले होते.

श्रुतलेख

वळचणताई, हे फार मोलाचे आहे. ‘धडधाकट’ किंवा ‘सुदृढ’ हे शब्द मात्र धोरणात ‘दिव्यांग नसलेले’ या अर्थाने येऊ देऊ नका. मी सुदृढ आहे, गेल्या सहा वर्षांत मी आजारपणाची रजा घेतलेली नाही. ‘सामान्य’ आणि ‘नॉर्मल’ हेही तसेच. ‘दिव्यांगत्व नसलेले कर्मचारी’ असे सरळ लिहिता येते.

उंबरठा

एक शंका. ‘स्वमग्न’ या शब्दाचे काय करावे? माझ्या भाच्याला ऑटिझम आहे आणि मराठीत सगळीकडे स्वमग्नता लिहितात. तो आता वीस वर्षांचा आहे. त्याचे म्हणणे असे की या शब्दाने तो फक्त स्वतःतच रमलेला आहे असे लोकांना वाटते, आणि ते खरे नाही. त्याला माणसे हवी असतात, फक्त एका वेळी एक.

निवांत

शासकीय कागदपत्रांत तो शब्द रूढ आहे, त्यामुळे प्रमाणपत्रावर येईलच. धोरणात मी ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ असे लिहीन. आणि भाचा आपला उल्लेख कसा करतो ते विचारून, त्याच्याविषयीच्या पत्रात तसाच ठेवीन.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून दोन परिच्छेद नव्याने लिहिले, ते येथे ठेवते. चुका दाखवाव्यात.

‘दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्यास किंवा विद्यार्थ्यास काम व शिक्षण इतरांच्या बरोबरीने करता यावे, यासाठी आवश्यक ती वाजवी सोय संस्था उपलब्ध करून देईल. अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत संपर्क अधिकारी लेखी उत्तर देईल. सोय नाकारल्यास तिचा भार अवाजवी का ठरतो याचे कारण लेखी देईल. एकदा दिलेली सोय, गरज बदलेपर्यंत, नव्या अर्जाविना चालू राहील.’

‘व्यक्तीचा उल्लेख तिच्या नावाने व पदाने करावा. दिव्यांगत्वाचा उल्लेख कामासाठी आवश्यक असेल तेव्हाच करावा आणि त्यासाठी ती व्यक्ती स्वतः वापरत असलेला शब्द वापरावा. कायदे, विभाग व प्रमाणपत्रे यांची नावे अधिकृत स्वरूपातच लिहावीत.’

‘नव्या अर्जाविना’ हे शब्द लिहिताना मला बराच वेळ लागला. समितीतील सदस्यांनी ते वाचून विचारले, की याची गरज आहे का, आपण काही कोणाचे टेबल काढून घेणार नाही. मी त्यांना माझे जुने चार अर्ज दाखवले, पहिल्या तिन्हींवरचा तोच शेरा. त्यांनी ते चारही वाचले आणि ते वाक्य राहू द्यावे असे सांगितले.

सेवानियमांतील ‘मानसिक संतुलन’ हे कलम वगळण्याचा प्रस्ताव स्वतंत्रपणे ठेवत आहे. नमुन्यांची यादी केली, ती सतरांवर गेली. त्यांतील नऊ जुन्या फाँटमध्ये आहेत, ते युनिकोडमध्ये पुन्हा टंकून घ्यावे लागतील.

मुरूम

ताई, पहिल्या परिच्छेदात इमारतीचा उल्लेख नाही. ‘संस्थेच्या प्रत्येक इमारतीत चाकाच्या खुर्चीने जाता येईल असा मार्ग व वापरता येईल असे एक स्वच्छतागृह असेल’ हे वाक्यही घाला, आणि शेवटी तारीख लिहा.

शेवंती

घालते. तारीख बांधकाम समितीला विचारून लिहावी लागेल, गुरुवारी त्यांची बैठक आहे. बैठकीची खोली पहिल्या मजल्यावर आहे, ती तळमजल्यावर घ्यावी असे पत्र आज सकाळी दिले. त्यात ‘विनंती’ हा शब्द लिहिलेला नाही.